परकीय भाषेचे मोफत साहित्य : कोण देते, कुठे सापडते

परकीय भाषा शिकवणारे चांगले साहित्य तयार करायला पैसा, माणसे आणि वर्षे लागतात. ते शिकणाऱ्याला फुकट मिळते तेव्हा त्याचा खर्च दुसऱ्या कोणीतरी उचललेला असतो, आणि बहुधा स्वतःच्या गरजेपोटी उचललेला असतो. एखाद्या राष्ट्राला आपली भाषा जगात पसरवायची असते. एखाद्या सरकारला आपल्याच अधिकाऱ्यांना दुसऱ्यांच्या भाषा शिकवायच्या असतात. कुठे विद्यापीठाला अनुदान मिळालेले असते, कुठे स्वयंसेवकांना हौस असते. काही पुस्तकांचे लेखक तर इतक्या पूर्वी वारलेले असतात की त्यांवर कोणाचा हक्कच उरलेला नसतो. शोधायला बसण्यापूर्वी, ही भाषा लोकांनी शिकावी असे कोणाला वाटते किंवा पूर्वी वाटत होते, एवढे ठरवले की निम्मा शोध संपतो. राहिलेला निम्मा पारखण्याचा असतो; कारण ज्याने पैसे घातले त्याची गरज पाठापाठांत उतरलेली असते, आणि ती शिकणाऱ्याच्या गरजेशी जुळेलच असे नाही.

गोंदियासारख्या जिल्ह्यात हा शोध महत्त्वाचा ठरतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यापासून परकीय भाषांच्या नामांकित संस्था दूर आहेत. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट, आणि मॅक्सम्युलर भवन गाठायचे तर राज्य आडवे ओलांडावे लागते. नागपूरसुद्धा रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. दुसरीकडे, इथल्या मुलाचे कान लहानपणापासून तयार असतात. घरी पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, अशी ये-जा इथे रोजची आहे. नवी भाषा ऐकून उचलण्याची ही सवय कोणत्याही ॲपमध्ये मिळत नाही. शिवाय एक परकीय भाषा जिल्ह्यातच राहते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिच्याकडे पुढे सविस्तर वळायचे आहे.

फुकट मिळते, पण वापरायची मुभा किती?

मोबाइलवर पैसे न देता उघडणारी प्रत्येक गोष्ट मुक्त साहित्य नसते. जाहिराती दाखवून चालणारे ॲप फुकट असते, पण त्यातले धडे उतरवून घेता येत नाहीत, छापता येत नाहीत, आणि कंपनीने उद्या दार लावले की तिथवरची सगळी मेहनत आत अडकते. मुक्त साहित्यावर परवाना स्पष्ट लिहिलेला असतो. युनेस्कोने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुक्त शैक्षणिक साहित्याबद्दल शिफारस मंजूर केली. तिच्यात मोफत पाहण्याबरोबरच पुन्हा वापरणे, बदलणे आणि वाटणे यांचा हक्कही धरला आहे. असे हक्क देण्याचा सर्वांत रूढ मार्ग म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने. पानाच्या तळाशी ‘सीसी’ या खुणेपुढे दोन-दोन अक्षरे असतात. ‘बीवाय’ म्हणजे कर्त्याचे नाव द्या, ‘एसए’ म्हणजे बदलून वाटाल तर त्याच परवान्याने वाटा, ‘एनसी’ म्हणजे धंदा करू नका, आणि ‘एनडी’ म्हणजे बदल करू नका.

एकट्याने शिकणाऱ्याला या अक्षरांचे फारसे पडलेले नसते. शिक्षकाला मात्र त्यांचा मोठा उपयोग आहे. अमेरिकेतील ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या ‘कोअर्ल’ या केंद्राने जर्मनसाठी ‘डॉइच इम ब्लिक’ आणि फ्रेंचसाठी ‘फ्रांसे इंतेराक्तीफ’ ही पूर्ण पाठ्यपुस्तके मुक्त परवान्याने दिली आहेत. आमगाव किंवा तिरोड्याच्या एखाद्या प्राध्यापकाने त्यातले धडे घेऊन, खाली मराठी टिपा जोडून, मूळ कर्त्यांचे नाव देऊन वर्गात छापील प्रती वाटल्या, तर त्यात गैर काही नाही. हाच उद्योग एखाद्या प्रकाशकाच्या पुस्तकाची चोरटी पीडीएफ घेऊन केला तर तो कायद्याचा भंग होतो. टेलिग्रामवरच्या गटांत फिरणारी ‘फ्री’ पुस्तके बहुतेक या दुसऱ्या जातीची असतात. त्यांतल्या कित्येकांची पाने गहाळ असतात आणि ध्वनिफिती तर जवळजवळ कधीच जोडलेल्या नसतात. ध्वनीवाचून भाषेचे पुस्तक हाती घेण्यात अर्थ नाही, हे कायदा बाजूला ठेवला तरी खरे आहे.

ज्यांना आपली भाषा शिकवायचीच आहे

जर्मनीला माणसे हवी आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याला कुशल मनुष्यबळ पुरवण्यासाठी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सामंजस्य करार केला आणि त्यानंतर जर्मन भाषेची चर्चा तालुक्यांपर्यंत पोचली. अशा वेळी गल्लोगल्ली क्लास निघतात. त्यांची फी भरण्याआधी जर्मन करदात्यांच्या पैशातून काय उपलब्ध आहे ते पाहून घेणे शहाणपणाचे ठरते.

डॉइचे वेले या सार्वजनिक प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही चित्रमालिका ए-१ या प्राथमिक पातळीपासून बी-१ या मधल्या पातळीपर्यंत पूर्ण मोफत आहे. स्पेनहून आलेल्या निको नावाच्या तरुणाची गोष्ट पुढे सरकते आणि तिच्याबरोबर व्याकरण व शब्द येत जातात. त्यापुढच्या टप्प्यासाठी याच संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत, आणि त्यांचा मजकूरही सोबत मिळतो. जर्मनीतील लोकशिक्षण केंद्रांच्या संघटनेचे ‘व्हीएचएस-लर्नपोर्टाल’ मूळ त्या देशात पोचलेल्या स्थलांतरितांसाठी केलेले आहे, पण नोंदणी केल्यावर कोणालाही बी-२ पर्यंतचे धडे करता येतात. जर्मनीत घर भाड्याने घेणे, डॉक्टरकडे जाणे, कामावर रजा मागणे हे त्यात भरपूर आहे. परिचारिकेचे काम करू इच्छिणारीला ते कॉलेजच्या पाठ्यपुस्तकापेक्षा जवळचे वाटेल. ही पाने इंग्रजी शब्द टाकून सहसा सापडत नाहीत. शोधपेटीत थेट जर्मन शब्द टाकावेत, आणि हा नियम प्रत्येक भाषेला लागू आहे. ज्या देशात परदेशी लोक राहायला येतात तिथले सरकार त्यांच्यासाठी जे धडे करते, ते त्या देशाच्या भाषेतच नोंदलेले असतात.

जपानचेही कारण सरळ आहे. ‘विशिष्ट कौशल्य’ प्रकारचा कामगार व्हिसा तिथे एप्रिल २०१९ पासून सुरू झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबाबत सहकार्याचा करार झाला. या व्हिसासाठी जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा लागते. जपान फाउंडेशनचे ‘इरोदोरी’ हे पुस्तक नेमके या पातळीचे आहे. पुस्तकाची पीडीएफ आणि सर्व ध्वनिफिती विनामूल्य उतरवता येतात. एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे हिंदीतूनही आहेत, आणि गोंदियाच्या विद्यार्थ्याला इंग्रजी स्पष्टीकरणापेक्षा ते बहुधा लवकर उमजतील. जपान फाउंडेशनच्याच ‘मिनातो’वर नाव नोंदवून स्वयंअध्ययनाचे वर्ग करता येतात. मात्र ‘इरोदोरी’तला नायक कामगार आहे. ज्याला जपानी साहित्य किंवा चित्रपट समजून घ्यायचे आहेत त्याने ‘मारुगोतो’ या पुस्तकमालेकडे वळावे, तिच्यात संस्कृतीला जास्त जागा आहे.

फ्रेंचसाठी टीव्ही५ मोंदचे धडे आणि आरएफआयच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या पुरेशा आहेत. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे ‘ओपनलर्न’ हे संकेतस्थळ फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, इटालियन आणि चिनी यांचे प्राथमिक अभ्यासक्रम देते. भारतात ‘स्वयं’ हे सरकारी व्यासपीठ जुलै २०१७ पासून चालू आहे. त्यावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे जर्मन आणि जपानी भाषेचे अभ्यासक्रम आलेले आहेत. शिकणे फुकट, केवळ परीक्षेची फी. महाविद्यालयाने मान्य केल्यास ‘स्वयं’वरचे श्रेयांक पदवीत धरता येतात आणि त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ४० टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे. गोंदियाच्या महाविद्यालयांत परकीय भाषेचा प्राध्यापक नसला तरी हा मार्ग खुला राहतो, फक्त प्राचार्यांकडे अर्ज वेळेत द्यावा लागतो.

जे स्वतःसाठी शिकले

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची ‘फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट’ १९४७ पासून राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. अमेरिकन केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनावर तिथल्या कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे या संस्थेचे जुने अभ्यासक्रम, शेकडो पानांची पुस्तके आणि तासन् तास ध्वनिफिती, हौशी लोकांनी जालावर ठेवल्या आहेत. टंकलिखित पाने, खरखरणारा आवाज, आणि एकच वाक्यरचना वीस शब्द बदलून पुन्हा पुन्हा म्हणायला लावणारी पद्धत. कंटाळवाणी आहे, पण वाक्ये तोंडात बसवण्याचे काम ती आजच्या रंगीत ॲपपेक्षा चांगले करते. तिच्यातले जग मात्र जुन्या काळच्या दूतावासातले आहे. टेलिफोन ऑपरेटरशी बोलणे आणि मंत्र्यांची भेट मागणे शिकायला मिळते, रिचार्ज करणे नाही. म्हणून ते अभ्यासक्रम सरावासाठी घ्यावेत आणि शब्दसंग्रह दुसरीकडून भरावा.

याच संस्थेने अनुभवावरून काढलेले अंदाज वेळेची कल्पना यायला उपयोगी पडतात. इंग्रजी बोलणाऱ्याला जपानी, चिनी, कोरियन किंवा अरबी कामापुरती यायला ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २,२०० तासांचे वर्ग, असा तिचा हिशेब आहे. ‘तीन महिन्यांत जपानी’ अशी पाटी लावणाऱ्या क्लासपुढे हा आकडा ठेवून पाहावा. अर्थात तो इंग्रजी बोलणाऱ्याचा आहे, मराठी माणसाचे गणित जरा वेगळे निघते. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नामाला प्रत्यय मागून लागतात. मराठी बोलणाऱ्याला हे वेगळे शिकावेच लागत नाही. जर्मनमधली तीन लिंगे पाहून हिंदी भाषकही बिचकतो. मराठीत नपुंसकलिंग जिवंत असल्याने इथल्या विद्यार्थ्याला कल्पना नवी नसते, फक्त कोणत्या नामाचे कोणते लिंग हे नव्याने पाठ करावे लागते. उच्चारांतही असाच फायदा आहे. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च मराठी माणूस न सांगता वेगळे म्हणतो. यातला पहिला च जर्मनमध्ये झेड अक्षराचा उच्चार म्हणून सतत येतो, जपानीत येतो, आणि तिबेटीत तर त्याला स्वतंत्र अक्षरच आहे. इंग्रजी माध्यमातली पुस्तके ज्या ठिकाणी दोन-दोन पाने खर्च करतात, ती पाने मराठी वाचकाने उलटून पुढे जावे.

मराठीतून शोधायचे तर

मराठी माध्यमातून परकीय भाषा शिकवणारे मुक्त साहित्य अत्यल्प आहे, हे मान्य करून पुढे जावे लागते. मराठी लोकांनी इंग्रजी, जर्मन, जपानी शिकावे अशी गरज कोणत्याही परदेशी खजिन्याला स्वतंत्रपणे वाटलेली नाही. हिंदी आहे, मग मराठीची काय गरज, असा त्यांचा विचार दिसतो. जिथे हौशी लोक काम करतात तिथे चित्र बरे आहे. ‘टाटोएबा’ हा वाक्यांचा मुक्त संग्रह त्याचे उत्तम उदाहरण. त्यात एका भाषेतले वाक्य दुसऱ्या भाषेतल्या वाक्याला जोडलेले असते, आणि स्वयंसेवकांच्या कष्टामुळे मराठी वाक्यांची संख्या लक्षणीय आहे. मराठी वाक्ये बहुधा इंग्रजीला जोडलेली असतात. तरी अनुवादाचा अनुवादही तिथे दिसत असल्याने जर्मन किंवा जपानी वाक्यापासून मराठीपर्यंत पोचता येते. एखादा शब्द वाक्यात कसा वापरतात हे पाहायला शब्दकोशापेक्षा हा संग्रह बरा. त्यातली वाक्ये ‘अंकी’ या उजळणीच्या कार्यक्रमात भरून रोज थोडी थोडी घोकता येतात. संगणकावर आणि अँड्रॉइड मोबाइलवर अंकी विनामूल्य आहे, आयफोनवर तेवढे पैसे पडतात.

यंत्राने केलेला अनुवाद मराठीसाठी आता वापरण्याजोगा झाला आहे. पण तो उत्तर तपासायला वापरावा. आधी स्वतः वाक्य लिहायचे आणि मग यंत्राला विचारायचे, हा क्रम उलटला की शिकणे थांबते आणि नुसते भाषांतर सुरू होते.

गोठणगावची भाषा

इटियाडोह धरणाजवळच्या गोठणगाव भागात नॉर्ग्येलिंग ही महाराष्ट्रातली एकमेव तिबेटी वसाहत आहे. ती वसली तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून तिबेटी लोकांच्या बोलण्यात आणि कागदपत्रांत तिला अजूनही ‘भंडारा’ म्हणतात. या वसाहतीची जालावर माहिती शोधणाऱ्याने हे नाव लक्षात ठेवावे. ‘गोंदिया’ टाकून फारसे काही हाती लागत नाही.

तिबेटीच्या बाबतीत वरचा सगळा हिशेब बदलतो. ही भाषा जगाने शिकावी म्हणून खर्च करणारे, जर्मनी-जपानसारखे राष्ट्र तिच्यामागे उभे नाही. निर्वासितांच्या संस्था, बौद्ध अभ्यासक आणि विद्यापीठे यांनी जे केले तेवढे आहे, आणि त्याच्याही आधीचे म्हणजे एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले विद्वान, पाद्री आणि ब्रिटिश अधिकारी यांचे काम. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांचे होते. त्यामुळे तिबेटीची मूलभूत पुस्तके आज ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर निर्वेधपणे वाचता येतात. हंगेरीच्या चोमा द कोरोश या विद्वानाचे व्याकरण आणि शब्दकोश १८३४ मध्ये कलकत्त्याला छापले गेले. लाहौलमध्ये राहिलेल्या येश्के या मोरावियन पाद्र्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१ चा आहे, तर शरच्चंद्र दास यांचा मोठा कोश १९०२ चा. चार्ल्स बेल या ब्रिटिश अधिकाऱ्याचे बोली तिबेटीचे पुस्तक १९०५ मध्ये निघाले.

यांपैकी बेल यांचे पुस्तक बोलायला शिकणाऱ्याच्या सर्वांत जवळचे आहे आणि सर्वांत जास्त सावधपणे वापरावे असेही तेच आहे. ते साम्राज्याच्या नोकरीतल्या साहेबासाठी लिहिलेले आहे. त्यातली वाक्ये हमाल, खेचरे, मुक्काम आणि हुकूम यांभोवती फिरतात. तिबेटीत आदरार्थी शब्दांचा वेगळा थर आहे, त्यामुळे चुकीच्या जागी साधा शब्द वापरला की ऐकणाऱ्याला तो उद्धट वाटतो. साहेबाच्या तोंडची वाक्ये जशीच्या तशी वसाहतीतल्या एखाद्या आजोबांपुढे म्हणणे बरे दिसणार नाही. व्याकरणासाठी बेल वाचावेत, वाक्ये माणसांकडून घ्यावीत. येश्के आणि दास यांचे कोश ग्रंथ वाचणाऱ्यासाठी आहेत. बोलचालीसाठी व्हर्जिनिया विद्यापीठाशी जोडलेल्या ‘तिबेटन अँड हिमालयन लायब्ररी’चे जालावरचे शब्दसाधन अधिक सोयीचे पडते. मोनलम हा तिबेटी भिक्षूने उभारलेला कोश मोबाइलवर विनामूल्य मिळतो. हिंदीतून वाट हवी असेल तर राहुल सांकृत्यायन यांचा तिबेटी-हिंदी कोश साहित्य अकादमीने प्रसिद्ध केला होता; जुन्या ग्रंथालयांत त्याचा शोध घ्यावा.

लिपीची धास्ती मराठी वाचकाने बाळगू नये. तिबेटी लिपीचा उगम भारतीय लिप्यांतच आहे आणि तिची वर्णमाला क, ख, ग, ङ अशीच सुरू होते. त्यापुढे च-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, आणि मग ‘चमचा’तल्या च-ची स्वतंत्र ओळ. घ, झ, ध, भ नाहीत, मूळ तीस अक्षरांत ट-वर्गही नाही. प्रत्येक अक्षरात ‘अ’ मुरलेला, आणि इतर स्वरांच्या चार खुणा वर-खाली लावायच्या, हा प्रकार देवनागरी वाचणाऱ्याला समजावून सांगायची गरजच नाही. इंग्रजी पुस्तकांत लिपीचा धडा सर्वांत लांब असतो, इथे तो काही दिवसांत उरकतो. खरी अडचण त्यापुढे आहे. लिहिणे शेकडो वर्षांपूर्वीच्या उच्चारांप्रमाणे राहिले आणि बोलणे बदलले. आठ या अर्थाचा शब्द ब, र, ग, य, द अशी अक्षरे रचून लिहितात आणि म्हणतात साधारण ‘ग्ये’. म्हणून ध्वनीवाचून केवळ पुस्तकावर तिबेटी शिकणे जवळजवळ अशक्य आहे. व्याकरणात मात्र एक ओळखीची जागा भेटते. ‘रामाने भात खाल्ला’ यातल्या ‘ने’सारखा कर्त्याला लागणारा प्रत्यय तिबेटीत आहे. इंग्रजी माध्यमातल्या विद्यार्थ्याला तो कोड्यासारखा वाटतो, मराठी विद्यार्थ्याला तो पटकन जागेवर बसतो.

वाचायला साहित्याची वाण नाही. ‘बुद्धिस्ट डिजिटल रिसोर्स सेंटर’ ही १९९९ मध्ये सुरू झालेली संस्था तिबेटी ग्रंथांच्या प्रतिमा जतन करून खुल्या करते. ‘८४०००’ हा प्रकल्प बुद्धवचनांचे इंग्रजी अनुवाद मोफत देतो आणि मूळ तिबेटी पाठ शेजारी उघडता येतो. विदर्भातल्या बौद्ध वाचकाला यातले पुष्कळ विषय ओळखीचे असतील, त्यामुळे अर्थाचा अंदाज बांधत भाषा वाचणे शक्य होते.

आणि माणसे आहेत. जिल्ह्याबाहेरचा विद्यार्थी ज्या गोष्टीसाठी धरमशाळेला जातो ती इथे तालुक्याच्या अंतरावर आहे. वसाहतीत जाण्यापूर्वी तिथल्या सेटलमेंट कार्यालयात विचारावे आणि आपण कोण, कशासाठी आलो ते सांगावे. नवीन पिढी हिंदी बोलते, त्यामुळे पहिली ओळख हिंदीतून होते आणि बोलणे तिथेच अडकून पडण्याचा धोकाही असतो. त्यावर साधा उपाय म्हणजे दर भेटीत दहा-बारा वाक्ये आधीच लिहून न्यावीत आणि तेवढीच तिबेटीत विचारावीत. कोणाचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी, आणि तो जालावर टाकायचा असेल तर ती वेगळी मागावी. शिकवणाऱ्याचा वेळ मोफत नसतो. त्याच्या मुलांना मराठी किंवा गणित शिकवून तो फेडता येतो, आणि असा व्यवहार फीपेक्षा जास्त काळ टिकतो.

इंटरनेट नसताना

सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावांत मोबाइलची रेंज भरवशाची नसते. म्हणून जे उतरवून ठेवता येते तेच साहित्य तिथे उपयोगाचे. या दृष्टीने ‘इरोदोरी’च्या पीडीएफ, अमेरिकन परराष्ट्र खात्याचे जुने अभ्यासक्रम आणि ‘लँग्वेज ट्रान्स्फर’ची स्पॅनिश, जर्मन वगैरेंची ध्वनिरूप व्याख्याने सर्वांत वर लागतात. ‘लिब्रिवॉक्स’वर स्वयंसेवकांनी वाचलेली, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके एमपी-३ स्वरूपात आहेत, आणि त्याच पुस्तकाचा मजकूर बहुधा ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर मिळतो. दोन्ही एकत्र ठेवली की ऐकत ऐकत वाचता येते. ‘कीविक्स’ हा कार्यक्रम विकिपीडिया आणि विक्शनरी या पूर्णच्या पूर्ण मेमरी कार्डवर उतरवून देतो. एकदा घेतल्यावर शब्दाचा अर्थ पाहायला रेंज लागत नाही. एवढे उतरवायला गोंदिया जंक्शनवरचे रेलटेलचे वायफाय रोज पहिली ३० मिनिटे मोफत मिळते, पण मोठ्या फाइलींसाठी महाविद्यालयाचे किंवा वाचनालयाचे कनेक्शनच बरे. नागपूरला नियमित ये-जा करणाऱ्यांना गाडीतले दोन-अडीच तास ऐकण्यासाठीच मिळालेले आहेत असे समजायला हरकत नाही.

ज्यांना भाषा शिकायची नसून चार वाक्ये हवी आहेत त्यांच्यासाठी ‘विकिव्हॉयेज’ची वाक्यपुस्तके आहेत. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात चोरखमाऱ्यासारख्या प्रवेशद्वारांवर काम करणाऱ्या गाइडने फ्रेंच किंवा जर्मनमधले ‘हळू बोला’, ‘तिकडे पाहा’, ‘गाडीतून उतरू नका’ एवढे तिथून उतरवून घेतले तरी काम भागते. परवाना मुक्त असल्याने वन विभागाला त्याची मराठी उच्चारांसह पुस्तिका छापता येईल.

प्रमाणपत्र

शिकणे मोफत झाले तरी परीक्षा मोफत नसते. जर्मनची ग्योथे, फ्रेंचची डेल्फ, जपानीची जेएलपीटी या परीक्षांना फी आहे आणि केंद्रे मोठ्या शहरांत आहेत, म्हणून प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च धरूनच तयारी आखावी. या परीक्षांचे नमुना प्रश्नसंच मात्र त्यांच्याच संकेतस्थळांवर विनामूल्य असतात. ते घड्याळ लावून घरी सोडवावेत आणि किमान दोन संच आरामात उत्तीर्ण होईपर्यंत फी भरू नये. कोणती पातळी लागणार हे आधी पक्के करावे. जर्मनीत परिचारिकेच्या पात्रतेला मान्यता मिळवण्यासाठी सहसा बी-२ मागतात, त्यामुळे ए-२ चे प्रमाणपत्र घेऊन नोकरीची वाट पाहणे व्यर्थ आहे. परदेशी नोकरी लावून देतो असे सांगून भाषेच्या वर्गाची फी मागणारा दलाल भेटला, तर त्याचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावरील नोंदणीकृत भरती एजंटांच्या यादीत आहे का ते पाहावे. यादीत नाव नसेल तर पैसे देऊ नयेत.